टोपीवाला सब्जंक्टिव्ह: फ्रेंचमधलं एक रूप, बोलायला नाही तर वाचायला

एस, यू, टी. आणि यू वर टोपी (^). कादंबरीच्या दुसऱ्याच पानावर हा एवढासा शब्द आला आणि मी अडकले. डिक्शनरीत बघितलं तर नाही, मग म्हटलं एखादं जुनं नाम असेल, सोडून द्या, पण पुढचं वाक्य काही केल्या लागेना. बऱ्याच वेळाने डोक्यात उजेड पडला की हे आपलं रोजचंच 'साव्ह्वार' आहे, म्हणजे माहीत असणं, फक्त असे कपडे घालून आलंय की ओळखूच येत नाही. हेच ते इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह (सब्जंक्टिव्ह म्हणजे इच्छा, भीती, गरज असल्या गोष्टींमागे येणारं क्रियापदाचं रूप, आणि हे त्याचं भूतकाळातलं), फ्रेंच शिकणाऱ्यांना ज्याच्या नावानेच घाम फुटतो ते. खरं सांगू का, चालवायला हे फ्रेंचमधलं सगळ्यात शिस्तीचं रूप आहे, आपण घाबरतो कारण कोणी नीट बसवून सांगत नाही.

आधी लिहिण्याबद्दल थोडं. सगळं देवनागरीत लिहितेय त्यामुळे जिथे स्पेलिंग महत्त्वाचं आहे तिथे अक्षरं सुटी सांगेन. फ्रेंच 'यू' या अक्षराचा उच्चार म्हणजे ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल करायचे आणि आतून 'ई' म्हणायचं, तो मी 'यु' असा लिहिलाय. शेवटचे एस, टी बहुतेक वेळा मुके असतात हे तर माहीतच असेल.

आता हे लागतं कशाला? मराठीत बघा: 'त्याने यावं असं मला वाटतं', 'त्याने यावं असं मला वाटत होतं', 'त्याने यावं असं मला वाटलं असतं'. वाटण्याचा काळ तीनदा बदलला पण 'यावं' जागचं हललं नाही. आजचं बोलीतलं फ्रेंच अगदी असंच वागतं. 'ज व्हु किल व्हिएन' म्हणजे त्याने यावं असं मला वाटतं ('किल' म्हणजे 'क', आपला 'की', आणि 'इल', तो), आणि 'ज व्हुले किल व्हिएन' म्हणजे वाटत होतं, दोन्हीकडे 'व्हिएन' तेच. पण पुस्तकी फ्रेंचचा जुना नियम असा की मुख्य वाक्य भूतकाळात गेलं की त्या 'यावं'नेही मागे सरकायचं, मग 'ज व्हुले किल व्हँ' होतं. हे जे 'व्हँ' आहे, स्पेलिंग व्ही-आय-एन-टी आणि आय वर टोपी, ते व्हनिरचं इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह. अर्थामध्ये काडीचा फरक नाही. म्हणून मराठी माणसाला हे अर्थाच्या बाजूने अवघड जायचं कारणच नाही, जड जातं ते फक्त रूप.

रूप बनवायला एकच गोष्ट हाताशी लागते, पासे सँप्लमधलं 'त्यु' म्हणजे 'तू'चं रूप. पासे सँप्ल हा गोष्टी सांगायचा भूतकाळ, आपल्या पोथ्यांमधल्या 'बोलता झाला', 'करता झाला' सारखा, तोही बोलण्यातून गेलेलाच आहे आणि खरी गोची इथेच आहे, की ज्यांचं पासे सँप्ल कच्चं त्यांचं हे पण कच्चं. पासे सँप्ल पक्कं असेल तर पुढचं काम पाच मिनिटांचं.

पार्ले, म्हणजे बोलणं, घेऊ. पासे सँप्लमध्ये तू बोललास: 'त्यु पार्ला', स्पेलिंग पी-ए-आर-एल-ए-एस. या शेवटच्या एसकडे लक्ष ठेवा, सगळा खेळ त्याचा आहे. त्याला एस-ई जोडलं की 'मी'चं रूप: पार्लास. एस-ई-एस जोडलं की 'तू'चं, उच्चार तोच पार्लास. आम्ही: एस-आय-ओ-एन-एस, पार्लास्यों. तुम्ही: एस-आय-ई-झेड, पार्लास्ये. ते: एस-ई-एन-टी, परत पार्लास. राहिला 'तो', तोच एकटा वेगळा: इथे जोडायचं काही नाही, उलट एस काढून टाकायचा, आधीच्या स्वरावर टोपी चढवायची आणि शेवटी टी लावायचा. झालं पी-ए-आर-एल-ए-टी, दुसऱ्या ए वर टोपी, उच्चार 'पार्ला'. मूळचा एक एस आणि जोडलेला एक एस म्हणून बाकी सगळीकडे डबल एस दिसतो, तो वेगळा पाठ करायची गरज नाही.

आणि हे सगळ्या क्रियापदांना लागू, अगदी एत्र (असणं) आणि आव्ह्वारला (जवळ असणं) सुद्धा. त्यु फ्यु, एफ-यू-एस, म्हणून फ्युस, फ्युस, टोपीवाला फ्यु, फ्युस्यों, फ्युस्ये, फ्युस. आव्ह्वारचं त्यु यु, ई-यू-एस, म्हणून युस, युस, टोपीवाला यु, युस्यों, युस्ये, युस. साध्या वर्तमान सब्जंक्टिव्हमध्ये हीच दोन क्रियापदं किती छळतात आठवा! इथे मुकाट्याने रांगेत उभी राहतात.

मग पाठ काय करायचं, तर कोणत्या क्रियापदाला कोणता स्वर. ई-आर वाली सगळी 'ए'ची, आले म्हणजे जाणं ते सुद्धा, त्याचं आलास. माँजेमध्ये जी नंतरचा ई ठेवायचा आणि कोमाँसेमध्ये सी ला खालची शेपटी लावायची, नाहीतर उच्चार बिघडतो. फिनिर, व्हाँद्र आणि त्यांची भावकी 'आय'ची, त्यातच फेर (फी), दिर (दी), प्राँद्र (प्री), मेत्र (मी), व्ह्वार (व्ही) पण येतात. 'यू'च्या घरात एत्र, आव्ह्वार, साव्ह्वार, पुव्ह्वार, व्हुल्वार, दव्ह्वार, लिर, ब्वार, क्र्वार, कोनेत्र, व्हिव्र. आणि व्हनिर-तनिर ही जोडी आपली वेगळी, व्हँ आणि तँ, त्यांचं व्हँस, तँस.

यू चं घर ओळखायला एक युक्ती सांगतात की पास्ट पार्टिसिपल (आपल्या 'केलेलं', 'गेलेला' सारखं रूप) यू ने संपत असेल तर इथेही यू. स्यु, प्यु, ल्यु, व्हुल्यु, कोन्यु ला ती चालते. पण डोळे झाकून वापरू नका, कारण व्ह्वारचं पार्टिसिपल व्ह्यु असून रूप 'आय'चं, व्हाँद्रचं व्हाँद्यु असून 'आय'चं, व्हनिरचं व्हन्यु असून त्याचं तिसरंच काहीतरी, आणि मुरिरचं पार्टिसिपल मोर असून रूप मात्र यू चं, मुर्यु. व्ह्वार आणि व्हिव्र मध्ये तर मी अजून थांबते: पाहणं ते व्ही, जगणं ते व्हेक्यु. वर्तमानकाळात 'तू जगतोस' पण व्ही आणि पासे सँप्लमध्ये 'तू पाहिलंस' पण व्ही, म्हणजे गोंधळ व्हावा म्हणूनच केलंय की काय असं वाटतं.

फिनिरच्या घराण्यात एक गंमत आहे. वर्तमान सब्जंक्टिव्ह 'क ज फिनिस', आणि इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह पण 'क ज फिनिस', अक्षर न अक्षर सारखं. फक्त 'तो'च्या रूपात फरक पडतो, तिकडे फिनिस आणि इकडे टोपीवाला 'फिनी'. म्हणजे नकळत तुम्ही या रूपाचा पाच षष्ठांश भाग आधीच बोलताय.

ज्या क्रियापदांना पासे सँप्लच नाही त्यांचं हे रूपही नाही, उदाहरणार्थ त्रेर आणि त्याची पोरं दिस्त्रेर, एक्स्त्रेर. मूळच नाही तर फांदी कुठून येणार. आणि टोपीला अपवाद सांगायचा तर नेहमीच्या वापरातला एकच, आईर म्हणजे द्वेष करणं, कारण त्याच्या आय वर आधीच दोन टिंबं बसलेली असतात, टोपीला जागाच नाही.

टोपी आली कुठून ते सांगितलं की ती कायमची लक्षात राहते. हे रूप लॅटिनमधून आलं, तिथल्या प्लुपरफेक्ट सब्जंक्टिव्हमधून: आमाविस्सेत, त्याचं आखडून आमास्सेत, मग जुन्या फ्रेंचमध्ये आमास्त, म्हणजे टी च्या आधी एस होता. तो एस बोलण्यातून कधीच गळून गेला तरी लिहिण्यात राहिला होता, आणि १७४० च्या आकादेमी फ्राँसेजच्या (फ्रेंच भाषेची अधिकृत संस्था) डिक्शनरीने असे ढीगभर मुके एस काढून त्यांच्या जागी टोप्या बसवल्या. म्हणजे टोपी ही त्या गेलेल्या एसची खूण. बाकीच्या पाच रूपांत एस जिवंत आहे, तिथे टोपी नाही. 'तो'मध्ये एस मेला, तिथे टोपी. १९९० च्या स्पेलिंग सुधारणेत आय आणि यू वरच्या बऱ्याच टोप्या ऐच्छिक झाल्या पण या रूपातल्या टोपीला हात लावलेला नाही, कारण ती गेली तर पासे सँप्लपासून वेगळं ओळखणार कसं?

तर आता त्याच मुद्द्यावर येऊ, कारण चुका सगळ्यात जास्त इथे होतात, आणि फक्त शिकणाऱ्यांच्या नाही, फ्रेंच लोकांच्या सुद्धा. बिनटोपीचा फ्यु म्हणजे 'तो होता, झाला', साधं पासे सँप्ल. टोपीवाला फ्यु म्हणजे 'तो असावा'. कानाला दोन्ही एकच. मी एकदा निबंधात दिसेल त्या फ्यु वर टोपी घातली होती, छान भारदस्त दिसतं म्हणून, आणि वही परत आली तेव्हा प्रत्येक टोपीभोवती लाल गोल. तेव्हापासून हे एक वाक्य धरून ठेवलंय:

'क्वाकिल फ्यु मालाद, इल फ्यु ल प्रम्ये आ आरिव्हे.'

तो आजारी असूनही सगळ्यात आधी पोचला तोच. दोन फ्यु, एकाला टोपी, एकाला नाही. कसं ठरवायचं? दोन्ही ठिकाणी आजच्या बोलण्यातलं रूप घालून बघायचं. 'क्वाक' म्हणजे जरी, त्याच्यामागे सब्जंक्टिव्ह लागतोच, बोलताना आपण 'क्वाकिल स्वा मालाद' म्हणू. 'स्वा' बसला, म्हणजे टोपी हवी. दुसरीकडे 'इल आ एते ल प्रम्ये' बसतं, 'स्वा' बसत नाही, म्हणजे बिनटोपीचा. दुसरी परीक्षा अनेकवचनाची: 'तो'चं 'ते' करून बघा, फ्युस होत असेल तर टोपी, फ्युर होत असेल तर नाही. उलट्या बाजूने एक सावधगिरी, पासे सँप्लमध्ये टोपी असते ती 'आम्ही' आणि 'तुम्ही'च्या रूपांवर (पार्लाम, पार्लात), 'तो'वर जवळजवळ कधीच नाही (क्र्वात्र म्हणजे वाढणं, तेवढा अपवाद). इथे बरोबर उलटं.

याच जातीची दुसरी चूक 'आप्रे क' आणि 'आव्हाँ क'ची. आव्हाँ क म्हणजे 'च्या आधी', गोष्ट अजून घडलेली नाही, म्हणून सब्जंक्टिव्ह: 'आव्हाँ किल यु फिनी', टोपी हवी. आप्रे क म्हणजे 'च्या नंतर', गोष्ट घडून गेली, संशयाला जागा नाही, म्हणून 'आप्रे किल यु फिनी' बिनटोपीचं. छापील पुस्तकातही आप्रे क नंतर टोपी घातलेली दिसते कधीकधी, तिच्यावर विश्वास ठेवू नका.

वापरायचं कधी याचा नियम दोन ओळींचा आहे. जिथे सब्जंक्टिव्ह लागतोच अशी जागा हवी (हवं असणं, भीती वाटणं, गरज असणं, 'जरी', 'व्हावं म्हणून', 'च्या आधी', 'न होता' वगैरे) आणि मुख्य वाक्य भूतकाळात किंवा कंडिशनलमध्ये ('झालं तर होईल', 'झालं असतं' वालं रूप) हवं. गौण वाक्यातली गोष्ट त्याच वेळची किंवा नंतरची असेल तर आपलं हे रूप, 'इल फाले किल पार्ला', त्याने बोलणं भाग होतं. ती गोष्ट त्याच्याही आधीची असेल तर हेच एत्र किंवा आव्ह्वारला लावून पुढे पार्टिसिपल, 'ज क्रेन्ये किल न फ्यु पार्ती', तो निघून गेला असेल अशी मला भीती वाटत होती. दुसऱ्याला प्लुपरफेक्ट सब्जंक्टिव्ह म्हणतात, त्याच्यासाठी वेगळं काही शिकायचं नाही, फ्युस आणि युस चालवता आले की ते फुकट मिळतं.

आणि नाही वापरलं तर? काही बिघडत नाही. २६ फेब्रुवारी १९०१ च्या फ्रेंच सरकारच्या आदेशातच परीक्षकांना सांगून ठेवलंय की कंडिशनलनंतर 'इल फोद्रे किल व्हिएन' लिहिलं तरी चूक धरू नका, आणि २८ डिसेंबर १९७६ च्या आदेशाने भूतकाळानंतरही तीच सवलत दिली. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं झाली सूट मिळून. त्यामुळे बोलताना हे रूप वापरू नका, हा माझा स्पष्ट सल्ला. मित्राशी गप्पा मारताना कोणी 'तो बोलता झाला' म्हणायला लागलं तर आपण कसं बघू, तसंच फ्रेंच माणूस बघेल. स्पॅनिश आणि इटालियनमध्ये मात्र याचे भाऊबंद रोजच्या बोलण्यात आहेत, त्या भाषा येणाऱ्यांना फ्रेंचमध्ये पण वापरायचा मोह होतो, तो आवरा.

फ्रेंचमध्ये हे मागे पडलं त्याचं एक कारण कानाचं पण आहे. 'आस' हा आवाज फ्रेंचमध्ये हिणवायला वापरतात, पाप्ये म्हणजे कागद आणि पाप्रास म्हणजे नको ती कागदांची रद्दी, त्यामुळे पार्लास्यों, पार्लास्ये असलं काही ऐकलं की हसूच येतं. पुव्ह्वारचं 'क ज प्युस' म्हणायला जावं तर प्युस म्हणजे पिसू. साव्ह्वारचं 'क व्हु स्युस्ये' तर 'तुम्ही चोखत होता'सारखं ऐकू येतं, आता कोण म्हणणार ते गंभीर चेहऱ्याने. म्हणून आजच्या लेखनात मी-तू-आम्ही-तुम्हीची रूपं मुद्दाम गंमत करायची असेल तरच दिसतात, खरी जिवंत आहेत ती 'तो'ची आणि थोडीफार 'ते'ची. तुमचा वेळ पण तिथेच घाला. सगळी सहा रूपं चालवत बसण्यापेक्षा वीसेक क्रियापदांची फक्त टोपीवाली रूपं डोळ्यांना ओळखीची करून घ्या: फ्यु, यु, प्यु, स्यु, द्यु, ल्यु, ब्यु, व्हुल्यु, त्यु (हे तेर म्हणजे गप्प बसणं, 'तू' नव्हे), फी, दी, मी, प्री, व्ही, व्हँ, तँ. छोट्या शब्दांनीच माणूस अडतो, मोठ्यांत मूळ क्रियापद आपोआप दिसतं. नेत्र म्हणजे जन्मणं, त्याचं 'नाकी' तेवढं वेगळं पाठ करा, नेत्रातून नाक निघालं असं मी लक्षात ठेवलंय.

काही ठिकाणी मात्र हे रूप गोठून तसंच राहिलंय, आपल्याकडे 'देव करो' मधला 'करो' राहिलाय तसं. 'फ्युत्स' म्हणजे 'मग ते अमुक का असेना', 'न फ्युत्स क' म्हणजे 'निदान एवढ्यासाठी तरी', ही दोन तर बातम्यांच्या लेखांत पण भेटतात. 'द्युतिल' म्हणजे 'त्याला असं करावं लागलं तरी', आणि मी स्वतःबद्दल बोलत असेन तर 'द्युसेज'. यात कर्ता मागे जातो आणि 'जरी' वेगळं लिहावं लागत नाही, उलटा क्रमच 'जरी'चं काम करतो. 'प्ल्यु-ता द्यो' म्हणजे देवाच्या मनात असतं तर, इथला प्ल्यु प्लेरचा, आवडण्याचा. पण प्लव्ह्वार म्हणजे पाऊस पडणं, त्याचं पण टोपीवालं रूप प्ल्युच आहे, तेव्हा 'बियँ किल प्ल्यु' दिसलं तर पाऊस पडत होता की कोणाला कोणी आवडत होतं ते आजूबाजूला बघूनच ठरवा.

आणखी एक जागा आहे जिथे टोपी दिसते पण सब्जंक्टिव्हचा अर्थच नसतो. जुन्या किंवा भारदस्त लिखाणात 'असतं', 'झालं असतं' या अर्थी कंडिशनलच्या ऐवजी टोपीवाला यु किंवा फ्यु आणि पुढे पार्टिसिपल असं वापरतात. बोलताना 'इल ओरे दी' म्हणू तिथे पुस्तकात 'इल यु दी', तो म्हणाला असता. कादंबरी वाचताना 'क' कुठे दिसत नाही आणि तरी यु वर टोपी आहे असं झालं तर हेच समजा, शंभरातल्या नव्वद वेळा वाक्य लागतं.

सरावाला एकच वाक्य देते, मोठ्याने वाचा:

'सिल ल्यु स्यु, इल फ्यु व्हन्यु.'

त्याला हे कळलं असतं तर तो आला असता. चार 'यु' ऐकू आले, टोप्या किती आणि कुठे? ल्यु मध्ये एल अपॉस्ट्रॉफी आणि मग आव्ह्वारचा यु, त्याला टोपी. स्यु हे पार्टिसिपल, टोपी नाही. फ्यु ला टोपी. व्हन्यु परत पार्टिसिपल, उघडाबोडका. बोलीत हेच 'सिल लाव्हे स्यु, इल सरे व्हन्यु' होईल. आता याच साच्यात व्हनिरच्या जागी पार्तिर आणि मुरिर घालून बघा, आणि मग पार्ले घालून बघा, कारण पार्लेला एत्र चालत नाही, तिथे फ्यु जाऊन दुसऱ्यांदा यु येईल, इल यु पार्ले, आणि टोपी त्याच्या डोक्यावर.